उजेडाची ओळख : हौशी छायाचित्रकारांशीं चार शब्द



छायाचित्रें काढण्याची हौस ही एके काळीं पैसेवाल्यांची हौस होती. जिल्ह्याच्या ठिकाणीं एखाद्या वकिलाच्या किंवा कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरीं कॅमेरा असे, आणि तो कपाटांतून बाहेर निघाला म्हणजे घरांत सण असल्यासारखें वाटे. आतां ते दिवस राहिले नाहींत. आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत बाजाराच्या दिवशीं खामगांव, मेहकर किंवा चिखली येथें उभें राहून पाहावें; भाजी विकणाऱ्या बाईच्या पिशवींतही कॅमेरा आहे, कारण तो टेलिफोनांतच येऊन बसला आहे. साधन हातीं आलें, हौस वाढली. परंतु चित्रें त्या मानानें सुधारलीं असें मात्र दिसत नाहीं. शाळेंतून निवृत्त झाल्यापासून कांहीं तरुण, आणि त्यांच्याहून अधिक संख्येनें मजसारखीच पेन्शनर मंडळी, मजकडे येऊन एकच प्रश्न विचारतात : “गुरुजी, कॅमेरा कोणता घ्यावा?” मी त्यांस उलट विचारतों, “आज सकाळीं तुमच्या घराच्या कोणत्या भिंतीवर ऊन आलें होतें?” बहुतेकांस तें सांगतां येत नाहीं. ज्यास तें सांगतां येत नाहीं, त्यानें कितीही मोलाचा कॅमेरा आणला तरी त्याच्या चित्रांत फारसा फरक पडणार नाहीं, हें मी आज थोडें विस्तारानें सांगणार आहें.

साधनावाचून आपलें अडतें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आमच्याच भागांत दीडशेंहून अधिक वर्षांपूर्वीं काम करून गेलेल्या एका माणसाची माहिती करून घ्यावी. मेजर रॉबर्ट गिल हा मद्रासच्या फौजेंतील अधिकारी. अजिंठ्याच्या लेण्यांतील भित्तिचित्रांच्या नकला करण्याच्या कामावर ईस्ट इंडिया कंपनीनें त्याला १८४४ सालीं नेमलें. हा माणूस वर्षानुवर्षें अजिंठ्याच्या रानांत राहिला आणि मोठमोठ्या पटांवर तैलरंगांत त्यानें नकला उतरविल्या. त्या विलायतेस रवाना झाल्या. आणि १८६६ च्या डिसेंबरांत लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला आग लागली, तींत त्यांपैकीं बहुतेक सर्व जळून गेल्या. परंतु तत्पूर्वींच गिलनें कॅमेरा हातीं घेतला होता. जेम्स फर्ग्युसन यांनीं १८६४ सालीं हिंदुस्थानांतील लेण्यांवर जें पुस्तक प्रसिद्ध केलें, त्यांतील छायाचित्रें गिलचीं. अजिंठ्याची जी डोंगररांग आमच्या जिल्ह्यांतून जाते, तिच्या आसपास तो पुष्कळ हिंडला. लोणारच्या दैत्यसूदन मंदिराचीं छायाचित्रेंही त्यानें काढलीं. १८७९ सालीं तो वारला.

त्या काळीं छायाचित्र घेणें म्हणजे काय प्रकार होता, याची कल्पना आजच्या मुलांस येणें कठीण आहे. रीत होती ओल्या कांचेची. एका स्वच्छ कांचेवर कलोडियन नांवाचें चिकट द्रव्य सारखें पसरावयाचें. मग अंधाऱ्या तंबूंत ती कांच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची. ती ओली असतांनाच कॅमेऱ्यांत बसवून चित्र घ्यावयाचें. आणि कांच वाळण्याच्या आंत पुन्हां तंबूंत जाऊन ती धुवावयाची. हा सारा खटाटोप दहा-पंधरा मिनिटांत उरकावा लागे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तर त्याहूनही कमी वेळ मिळे. एका चित्रासाठीं कांचा, औषधें, पाणी आणि तंबू असा बैलगाडीभर पसारा! अशा माणसाला दिवसांतून दोनशें चित्रें घेऊन त्यांतलें एक निवडण्याची चैन परवडणारी नव्हती. कॅमेरा मांडण्यापूर्वींच, ऊन कोठून येणार, किती वाजतां येणार आणि दगडावर कसें पडणार, याचा निर्णय त्याला करावा लागे. त्याचीं साधनें आज कोणी फुकट दिलीं तरी घेणार नाहीं. पण हा निर्णय करण्याची संवय मात्र घेण्यासारखी आहे.

लोणारच्या मंदिराचेंच उदाहरण घेऊं. हें मंदिर काळ्या दगडाचें, आणि त्याच्या बाहेरील अंगास मूर्ती व नक्षी दाटीनें कोरलेली आहे. पर्यटक येतात ते बहुधा दुपारीं, जेवणापूर्वीं. ऊन डोक्यावर असतें. नक्षीचे उंचवटे आणि खोलगट भाग यांवर तें सारखेंच पडतें किंवा कोठेंच पडत नाहीं. आणि चित्रांत काळ्या भिंतीचा एक सपाट पत्रा तेवढा उमटतो. तेंच मंदिर सकाळीं सूर्य वर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासानें पाहावें. किरणें भिंतीला घासून जातात, प्रत्येक उंचवटा आपल्या शेजारीं चिमूटभर सांवली टाकतो, आणि मूर्तीचा गुडघा, कमरेची मेखला, वेलीचें पान, सारें उठून दिसूं लागतें. आपण ज्याला खोली म्हणतों ती छायाचित्रांत मुळीं नसतेच. कागद सपाटच असतो. त्या खोलीचा भास करून देणारी वस्तु सांवली होय. म्हणून खरबरीत वस्तूचें चित्र घ्यावयाचें असेल, मग ती मूर्ति असो, कापसाचें फुटलेलें बोंड असो किंवा आजीच्या हातावरील सुरकुत्या असोत, तर उजेड बाजूनें व तिरपा पाहिजे.

येथें थोडें भूगोलाकडे वळतों. मास्तरकीची संवय सहजासहजीं जात नाहीं. लोणार सुमारें २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. यामुळें मे महिन्याच्या विसाव्या तारखेच्या सुमारास आणि पुन्हां जुलैच्या तेविसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य तेथें मध्यान्हीं अगदीं माथ्यावर येतो व उभ्या काठीची सांवली तिच्या बुडाशीं नाहींशी होते. या दोन तारखांच्या मधल्या काळांत दुपारचा सूर्य किंचित् उत्तरेकडे असतो. उलट, डिसेंबराच्या बाविसाव्या तारखेस भर दुपारींही तो दक्षिणेच्या बाजूस क्षितिजापासून सुमारें ४६ अंशांहून वर चढत नाहीं. याचा व्यवहारांतील अर्थ असा कीं, दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीचें चित्र हिंवाळ्यांत दिवसाच्या बहुतेक वेळीं घेतां येतें. उत्तरेच्या भिंतीला मात्र त्या दिवसांत थेट ऊन मिळतच नाहीं. तिच्यासाठीं एप्रिल महिना धरावा. तेव्हां सूर्य पूर्वेच्या थोडा उत्तरेकडे उगवतो आणि सकाळीं पहिले दोन तास त्या भिंतीवर घासून जाणारें सुंदर ऊन पडतें. एकाच दिवशीं एकाच फेरींत सगळ्या बाजूंचीं चांगलीं चित्रें मिळावींत ही अपेक्षा सूर्याकडून करूं नये. आपल्या घराच्या, गांवच्या देवळाच्या किंवा वेशीच्या बाबतींत कोणत्या महिन्यांत कोणत्या अंगास ऊन असतें, एवढें एक टिपण वहींत वर्षभर ठेवलें तरी छायाचित्रणाच्या निम्म्या विद्येची पायाभरणी झाली असें समजावें.

“सूर्य नेहमीं आपल्या पाठीशीं ठेवावा” हा जुना नियम अनेकांनीं पाठ केलेला असतो. तो कोठून आला हें समजलें म्हणजे तो कधीं मोडावा हेंही समजेल. माझ्या तरुणपणीं आग्फा क्लिक थ्री नांवाचा साधा पेटीवजा कॅमेरा मध्यम स्थितींतील घरांतून असे. फिल्मच्या एका गुंडाळींत बारा चित्रें येत. त्याचें भिंग साधें, आणि झडपेचा वेगही बदलण्यासारखा नव्हता. अशा कॅमेऱ्याला भरपूर ऊन लागे, म्हणून ऊन पाठीशीं घ्यावें असा नियम झाला. परिणाम काय झाला, तो शाळांतील जुन्या गटचित्रांत पाहावा : सगळीं मुलें सूर्याकडे तोंड करून, डोळे मिचकावून, कपाळाला आंठ्या घालून उभीं! आजच्या कॅमेऱ्याला इतकें ऊन लागत नाहीं. तेव्हां माणसांना उन्हांत उभें करण्याचें कारणच उरलेलें नाहीं.

माणसाचें चित्र घ्यावें तें ओसरीवर. आपल्याकडील जुन्या घरांच्या ओसरीइतकी उत्तम चित्रशाळा कोणत्याही शहरांतील स्टुडिओवाल्याला विकत घेतां येणार नाहीं. माणसाला ओसरीच्या कडेपाशीं, अंगणाकडे तोंड करून बसवावें. वरून ऊन नाहीं, पाठीमागें काळोख आहे, आणि समोरच्या अंगणांतून परतणारा मऊ उजेड चेहऱ्यावर येतो आहे. डोळ्यांत उजेडाचा एक लहानसा ठिपका दिसेपर्यंत त्यास थोडें इकडे-तिकडे वळावयास सांगावें; तो ठिपका दिसला म्हणजे डोळे जिवंत दिसतात. ज्यांच्या घरास ओसरी नाहीं, त्यांनीं खिडकी वापरावी. पण माणसाला खिडकीकडे पाठ करून बसवूं नये, नाहीं तर चेहऱ्याऐवजीं काळी आकृति मिळेल.

आणखी एक गोष्ट. टेलिफोनच्या कॅमेऱ्यानें चेहरा घेतांना लोक फार जवळ जातात आणि मग “माझें नाक असें कां आलें?” म्हणून तक्रार करतात. हें साधें त्रैराशिक आहे. नाकाचा शेंडा व कान यांत सुमारें पांच इंचांचें अंतर धरूं. कॅमेरा नाकापासून एका फुटावर असेल तर कान सतरा इंचांवर पडतो, म्हणजे कानाच्या मानानें नाक चाळीस टक्क्यांहून अधिक मोठें उमटतें. तोच कॅमेरा सहा फुटांवर नेला तर हा फरक अवघा सात टक्क्यांवर येतो. तेव्हां पांच-सहा फूट मागें व्हावें, आणि कॅमेऱ्यांत दुप्पट मोठें दाखविणारें दुसरें भिंग असेल तर तें वापरावें. नसेल तर चित्र मागाहून कातरून घ्यावें.

आतां कॅमेऱ्याच्या पोटांतील कारभाराविषयीं. हा भाग रुक्ष आहे, पण टाळतां येण्यासारखा नाहीं. नळाखालीं रांजण भरावयाचा आहे असें समजा. तोटी जास्त उघडली तर तो लवकर भरेल. कमी उघडली तर वेळ लागेल. कॅमेऱ्यांत तोटीच्या ठिकाणीं भिंगाचें छिद्र, वेळेच्या ठिकाणीं शटरची उघडझाप, आणि रांजण लहान कीं मोठा याच्या ठिकाणीं फिल्मचा किंवा हल्लींच्या संवेदक पट्टीचा वेग. छिद्राचे आंकडे २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे चढत जातात, आणि प्रत्येक पायरीस उजेड निम्मा होतो. आंकडा मोठा तर छिद्र लहान, हें नवशिक्यास विचित्र वाटतें. पण हा आंकडा म्हणजे भागाकार आहे. पन्नास मिलिमीटर लांबीच्या भिंगाचें छिद्र पंचवीस मिलिमीटर असेल तर आंकडा २. तेंच तीन मिलिमीटरांच्या आसपास असेल तर आंकडा १६. जुने छायाचित्रकार प्रकाशमापक यंत्राशिवायही काम भागवीत, तें एका ठोकताळ्यावर : लख्ख उन्हांत छिद्र १६ वर ठेवावें, आणि फिल्मचा वेग १०० असेल तर शटर सेकंदाचा शंभरावा, किंवा कॅमेऱ्यावर सोय असते तो एकशें पंचविसावा भाग उघडावें. पातळ ढग आले तर ११ किंवा ८, उघड्या सावलींत ५.६ किंवा ४. हा ठोकताळा आजही तितकाच खरा आहे. ज्यांच्यापाशीं आंकडे बदलण्याजोगा कॅमेरा असेल त्यांनीं एक दिवस त्याचें यंत्र बंद ठेवून केवळ याच हिशेबानें चित्रें घेऊन पाहावींत. उजेडाकडे पाहण्याची दृष्टीच पालटते.

बहुतेक टेलिफोनांतील छिद्र मात्र कायमचें एकाच मापाचें असतें. म्हणून संध्याकाळीं दिव्याच्या उजेडांत तो कॅमेरा दोनच गोष्टी करूं शकतो : झडप जास्त वेळ उघडी ठेवणें, किंवा पट्टीचा वेग वाढविणें. पहिलीनें हात हलून चित्र पुसट होतें, दुसरीनें त्यांत रवा दिसूं लागतो. उपाय साधा आहे. कोपर भिंतीला, खांबाला किंवा धान्याच्या पोत्यावर टेकवावें, श्वास अर्धा सोडून क्षणभर थांबावें, आणि मग बोट लावावें. शिवाय, हा टेलिफोन दिवसभर खिशांत, पिशवींत, सुपारीच्या भुकटींत आणि कापसाच्या तंतूंत लोळत असतो. त्याचें भिंग धोतराच्या जुन्या, मऊ, कोरड्या तुकड्यानें पुसावें. अनेकांच्या चित्रांत जें धुकें दिसतें, तें हवेंतलें नसून भिंगावरचें असतें. सगळ्या उपदेशांत हा सर्वांत स्वस्त व सर्वांत दुर्लक्षिलेला उपदेश आहे.

कॅमेऱ्याचें यंत्र हुशार असलें तरी तें एका गोष्टींत फसतें. समोर जें काहीं असेल तें सरासरीनें मध्यम करड्या रंगाचें आहे असें तें गृहीत धरून चालतें. म्हणून काळा बैल करडा दिसतो, आणि पांढरी टोपी मळकी. आमच्या वऱ्हाडांतील वृद्ध शेतकऱ्याचें चित्र घेऊन पाहा : पांढरें धोतर, पांढरी टोपी, उन्हानें रापलेला चेहरा. यंत्र पांढऱ्याला करडें करण्याच्या नादांत चेहरा पार काळवंडून टाकतें. अशा वेळीं पडद्यावर चेहऱ्यावर बोट टेकवावें, म्हणजे यंत्र त्या जागेचा हिशेब करतें. नंतर बोट वरखालीं सरकवून उजेड हवा तितका कमीअधिक करावा. लोणारच्या काळ्या दगडाचें याच्या उलट. तेथें यंत्र दगड उजळावयास जातें आणि मागचें आकाश कोऱ्या कागदासारखें पांढरें करून टाकतें. तेथें उजेड थोडा कमीच करावा. दगड काळाच दिसूं द्यावा. तो काळाच आहे.

लोणारच्या सरोवराचीं छायाचित्रें वर्षांतून हजारों घेतलीं जातात, आणि त्यांतलीं बहुतेक गांवतळ्याच्या चित्रांसारखीं दिसतात. हें विवर काठापासून काठापर्यंत सुमारें १.८ किलोमीटर रुंद आणि जवळजवळ १५० मीटर खोल आहे. अवकाशांतून आलेल्या आघातानें काळ्या बसाल्ट खडकांत तें पडलें. एवढी प्रचंड वस्तु चित्रांत लहान कां होते? कारण तिच्या मोठेपणाचें माप चित्रांत कोठेंच नसतें. काठावरून खालीं उतरणारा माणूस, झाडाचा शेंडा, मंदिराचें शिखर, असें कांहीं ओळखीचें, ज्याची उंची पाहणारास ठाऊक आहे, तें चित्रांत दूरवर कोठें तरी आलें पाहिजे. मग डोळा आपोआप मोजदाद करतो. आपल्या सोबत्याला अगदीं भिंगापुढें उभें करून, त्याच्या खांद्यामागें निळसर चकती दाखविणें, यानें सोबती मोठा होतो, विवर नव्हे.

याच सरोवराचें पाणी २०२० सालच्या जून महिन्यांत गुलाबी झालें, हें आपणांस स्मरत असेल. त्या चित्रांनीं जगभर प्रवास केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें पाण्याचें परीक्षण केलें, तेव्हां त्यांत खारट पाण्यांत वाढणारे सूक्ष्म जीव आढळले. पाणी उतरून क्षार वाढल्यामुळें त्यांची वाढ झाली आणि त्यांच्या रंगद्रव्यानें पाण्यास रंग आला. आतां पाहा, त्या दिवसांत कित्येकांनीं मूळचा रंग पुरेसा वाटला नाहीं म्हणून टेलिफोनांतील पट्टी सरकवून पाणी गुलाबाच्या सरबतासारखें करून ठेवलें. आज कोणी अभ्यासकानें विचारलें कीं, अमुक तारखेस रंग किती गडद होता, तर ह्या चित्रांचा उपयोग शून्य. ज्यानें साधें, न रंगविलेलें, तारखेसह चित्र ठेवलें, त्याचें चित्र कागदपत्राच्या मोलाचें झालें. उजेडांत थोडाफार फेरफार करण्यास माझी हरकत नाहीं. पण मूळ प्रत नेहमीं निराळी राखून ठेवावी, आणि जें नव्हतें तें घालूं नये.

कागदपत्राचा विषय निघालाच आहे तर शेतकऱ्याच्या उपयोगाची एक गोष्ट सांगतों. महाराष्ट्रांत १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू झाली, आणि आपल्या शेतांतील उभ्या पिकाचें छायाचित्र शेतकऱ्यानें स्वतःच काढावें अशी रीत पडली. ज्यांचीं मुलें शहरांत आहेत अशा वृद्ध शेतकऱ्यांचीं चित्रें काढून देण्यास शेजारचा कोणी हौशी तरुण गेला, तर त्यानें एवढें करावें : बांधावर उभें राहून आकाश घेऊं नये, शेतांत शिरावें; गुडघ्याइतकें खालीं वांकून तासाच्या दिशेनें पाहावें, म्हणजे पीक, त्याची दाटी आणि उंची तिन्ही दिसतात; सोयाबीनमध्यें तूर असेल तर दोन्हींचीं पानें ओळखूं येतील असें जवळचें चित्र घ्यावें. दुपारचें ऊन समोर असेल तर पाठ फिरवून दुसऱ्या धुऱ्याकडून यावें. एरवीं ज्याला कला म्हणून शिकावें त्याचाच येथें पोटापाण्याशीं संबंध येतो.

माणसांच्या बाबतींत मात्र उजेडाच्या आधीं परवानगी. सिंदखेड राजा येथें १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला लोटणारा समुदाय, शेगांवची वारी, भेंडवळची घटमांडणी, असे प्रसंग छायाचित्रकारास मोहांत पाडणारे आहेत, आणि तेथें खुशाल चित्रें घ्यावींत. पण होळीच्या सुमारास सैलानीची यात्रा भरते, तेथें मनाचे आजार जडलेल्या आपल्या माणसांना घेऊन किती तरी कुटुंबें मोठ्या आशेनें आलेलीं असतात. केंस मोकळे सोडून घुमणारी बाई, साखळीनें जखडलेला तरुण, यांच्याभोंवतीं कॅमेरेवाल्यांचें कोंडाळें पाहिलें म्हणजे मला अत्यंत वाईट वाटतें. त्या तरुणाची आई शेजारींच बसलेली असते. तिनें संमति दिली काय? तो बरा झाला, नोकरीला लागला, त्याचें लग्न ठरलें, तर हें चित्र कोठें कोठें फिरत असेल? “सत्य दाखविलें पाहिजे” असें मला एका शिकलेल्या गृहस्थांनीं सांगितलें. सत्य दाखविण्यास त्या रोग्याचा चेहराच कशाला हवा? पादत्राणांची रांग, बैलगाडीखालीं मांडलेली चूल, आईच्या हातांतील दोरा, इतक्यांतही सांगण्यासारखें पुष्कळ आहे. आणि तें पाहावयास अधिक कौशल्य लागतें. संमति मिळणार नाहीं, किंवा देण्याच्या स्थितींत माणूस नाहीं, तेथें कॅमेरा खालीं करावा, हें माझें स्पष्ट मत आहे.

सुधारणा कशी व्हावी, याविषयीं पुष्कळ लोक पुस्तकें व वर्ग शोधीत हिंडतात. त्यांना मी दादासाहेब फाळके यांची गोष्ट सांगतों. जे. जे. स्कूल आणि बडोद्याचें कलाभवन येथें शिकलेले फाळके चित्रपट काढण्यापूर्वीं गोध्र्यास छायाचित्रकाराचा धंदा करीत होते. विलायतेहून कॅमेरा घेऊन आल्यावर १९१२ सालीं त्यांनीं कुंडींत वाटाणा पेरला, आणि त्याच्यापुढें कॅमेरा मांडून ठराविक अंतरानें एकेक चित्र याप्रमाणें अंकुराची वाढ टिपली. रोपटें वाढलें, आणि पडद्यावर तें मिनिटाभराच्या अवधींत मातींतून वर येतांना दिसूं लागलें. पैसे गुंतविणाऱ्यांची खात्री पटली ती या वाटाण्यानें. त्यानंतर १९१३ च्या मे महिन्यांत “राजा हरिश्चंद्र” आला. एकच कुंडी, एकच जागा, रोजचा नेम.

हाच पाठ आपण करावा. घराजवळचें एक झाड निवडावें. कडुनिंब चांगला, कारण त्याची पानगळ, पालवी आणि मोहोर हे सारे फेरफार दिसतात. त्याचें एकाच जागेवरून वर्षभर दर आठवड्यास एक चित्र घ्यावें, कधीं सकाळीं, कधीं तिन्हीसांजेस, कधीं पावसांत. बावन्न चित्रें होतील. तीं एका ओळींत मांडून पाहिल्यावर कोणत्या उजेडानें काय केलें, हें कोणत्याही गुरूवांचून कळतें. दुसरा पाठ असा कीं, आठवड्यांतून एक दिवस आपल्यापाशीं जुन्या फिल्मप्रमाणें बाराच चित्रें आहेत असें समजून बाहेर पडावें. बारावें संपलें कीं कॅमेरा खिशांत. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांच चित्रें घराबाहेर पडतांच संपतील; पुढें पुढें संध्याकाळीं तीन-चार शिल्लक राहूं लागतील, आणि तींच चांगलीं निघतील. काढलेल्या चित्रांत चौकटीच्या चारी कडा एकदां डोळ्यांनीं फिरून पाहाव्यात. डोक्यांतून उगवलेला विजेचा खांब, वाळत घातलेलें लुगडें, अर्धवट कापलेला चुलत्याचा हात, हे सारे पाहुणे कडेनेंच आंत शिरतात. एक पाऊल बाजूला झाल्यानें त्यांतले बहुतेक निघून जातात.

शेवटीं जतनाविषयीं. टेलिफोन पाण्यांत पडतो, चोरीस जातो, जुना म्हणून दुकानदाराला दिला जातो, आणि त्याबरोबर घरांतलीं पांच-सात वर्षें जातात. दर तीन महिन्यांनीं चित्रें दुसऱ्या दोन ठिकाणीं उतरवून ठेवावींत, आणि त्यांतलीं दहा-बारा तरी कागदावर छापून घ्यावींत. माझ्या परिचयाच्या एका वाड्यांत दिवाणखान्यांत एक मोठें गटचित्र आहे : खुर्च्यांवर बसलेले सात पुरुष, पाठीमागें उभे नऊ, पायांशीं चार मुलें. चित्र अजून लख्ख आहे. त्यांतील तिघांपलीकडे कोण कोण, हें सांगणारें त्या घरांत आतां कोणीही राहिलेलें नाहीं. म्हणून छापलेल्या चित्राच्या पाठीवर डावीकडून उजवीकडे सर्वांचीं नांवें, गांव, तारीख आणि काढणाराचें नांव लिहावें. लिहावें तें मऊ शिसपेन्सिलीनें, हलक्या हातानें, कारण बॉलपेनचा दाब पुढल्या बाजूस उमटतो आणि शाई पावसाळ्याच्या ओलाव्यानें शेजारच्या चित्रास लागते. चित्रें एकमेकांस चिकटूं नयेत म्हणून मध्यें कोरा कागद घालावा, आणि पेटी ओलीच्या भिंतीपासून हातभर दूर, जमिनीपासून उंच ठेवावी. आणि घरांत ऐंशीच्या पुढचें कोणी माणूस असेल, तर जुनीं चित्रें त्यांच्यापुढें ह्या येत्या रविवारींच मांडावींत, पेन्सिल हातांत घेऊन.